परीक्षेतला सासरा

हडपसरच्या ट्रेनिंग सेंटरवर मी वॉचमन होतो, तेव्हा एकदा मला सासरा व्हावं लागलं, ते सांगतो. बाळंतिणी आणि तान्ही बाळं बघणाऱ्या आशाताईंना शिकवलेलं जमतंय का, याची परीक्षा होती. मॅडमनी मला खुर्चीत बसवून मांडीवर रबरी बाहुली दिली. म्हणाल्या, "काका, तुम्ही सासरे. नातवाला मध चाटवायचा हट्ट धरा. ताईंनी समोरासमोर समजावलं तरच सोडा."

पहिली ताई परभणीकडची. तिच्या घरी सासऱ्याशी थेट बोलायची रीत नसावी. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घालून बाहुलीला म्हणाली, "बाळा, आजोबांना सांग, मध नका देऊ."

"अहो, बाहुलीची समजूत काय घालताय?" मॅडम म्हणाल्या. "अशानं पुन्हा सगळं ट्रेनिंग करावं लागेल."

ती घाबरली, पण मान काही वर होईना. मग मीच बाहुलीला म्हणालो, "बाळा, ताईला सांग, आजोबांना कमी ऐकू येतं. जवळ येऊन मोठ्यानं बोल म्हणावं."

ती उठून खुर्चीपाशी आली आणि थेट माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, पाणीसुद्धा नाही. लेकराला हगवण लागली तर दवाखान्यात तुम्ही पळणार का?"

"नाही चाटवत, बाई," मी म्हणालो.

मॅडमनी तिला पास केलं. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "काका, कमी ऐकू येतं, हे बोलला नाहीत कधी."

"कान चांगले आहेत, मॅडम. पण तुम्ही मला सासरा केलंत. पहिल्या सांगण्यात कुठला सासरा ऐकतो?"