नंदाचा मंगळ

आमचं मूळ इथलंच, बुऱ्हाणपूरचं, शनवाऱ्याच्या आतल्या गल्लीतलं. माह्या मायनं कांड्या भरल्या, मंग मी भरल्या, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून आली तर सासूनं पन चरख्यासमोरच बसवलं. कांडी म्हंजे काय, तर कारखान्यातून सुताच्या लच्छ्या घरी येतात, ते सूत चरख्यावर कांडीले गुंडाळायचं आनि परत द्यायचं, मंग ती कांडी लूमच्या धोट्यात बसते. बस, एवढंच काम. जन्म गेला त्यात. चहा घ्या तुम्ही, गार होतो.

नंदा आता कांड्या पोचवायलेच गेली कारखान्यात, ती यायच्या आत सांगते. नंदा माही मोठी, अडतीस सरले तिले. राजू तिच्यापेक्षा आठ वर्सांनी लहान. काय आहे, हे काम एकटीचं नाई. एकीनं लच्छी सोडवायची, तुटला धागा जोडायचा, दुसरीनं चरखा फिरवायचा, आनि त्यातच भाकरी, त्यातच धुनं, पोराची शाळा, चुलीवर दूध ठेवलं तर एक डोळा तिकडे. नंदा लहानपनापासून लच्छी सोडवते. तिच्या हातात सूत गुंतत नाई, काय सांगू तुम्हाले, गल्लीतल्या बाया आपली गुंतलेली लच्छी तिच्याकडे आनून टाकायच्या. बारावी पन झाली ती. स्वेटर विनायले मागच्या गल्लीतल्या मास्तरीनबाईनं शिकवलं, थंडीत तिच्याकडे आर्डरी येतात.

मंग आमच्या मालकाले दमा लागला. लूमवर सुताची बारीक फुकी उडते, तिच्यानं असंच होतं, छातीत बसते ती. ते खाटेवर, राजू सातवीत, घर चालायचं ते आम्हा दोघींच्या हातावर. आनि त्याच वर्सी देडतलाईचं स्थळ आलं. केळी-कपाशीवालं घर, मुलगा शाळेत मास्तर, मानसं साधी. सकाळच्या बसनं आले. मुलगा खाली मान घालून बसला, पोहे पन पुरे खाल्ले नाईत त्यानं. मुलाची माय म्हने, आम्हाले मुलगी पसंत आहे, देनंघेनं काई नाई, वैशाखात करून टाकू. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाई.

मले आनंद व्हायले पाहिजे व्हता. मी चरख्याकडे पाहिलं. वैशाखात ही गेली तर लच्छी कोन सोडवनार, एवढंच डोक्यात आलं. आनि मी बोलून गेली, आमच्या नंदाले मंगळ आहे.

नव्हता हो. पत्रिका साफ व्हती. मालकानं खाटेवरून एकदा माह्याकडे पाहिलं आनि भिंतीकडे तोंड केलं. मुलाच्या मायनं पोह्याची बशी खाली ठेवली, म्हने, बाई, आधी सांगायचं व्हतं, आमचा मुलगा बिनमंगळाचा. उठले, गेले.

मले वाटलं, वर्सा-दोन वर्सांची गोष्ट, राजू थोडा मोठा झाला की म्हनू, दुसऱ्या गुरुजीनं पत्रिका पाहिली, मंगळ नाई निघाला. पन गावाचं तोंड कोन बांधनार. समाजात झालं, नंदाले कडक मंगळ. नंतर मीच घरोघर जाऊन सांगितलं, नाई हो, मंगळ नाई. तर बाया एकमेकींकडे पाहून हसायच्या, म्हनायच्या, लग्न जमेना तर आता मंगळ पन पुसला. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारला मी, माह्या नाई, तिच्या. मालक गेले. आधी नंदाकडे पाहून मले रडू यायचं, आता येत नाई. चरखा फिरवते, भाकरी खाते, झोपते.

राजू इंदूरले नोकरीले आहे, मागच्या महिन्यात त्याले मुलगी झाली. नंदा तिच्यासाठी पिवळा स्वेटर विनत बसली व्हती, इथंच, तुम्ही बसले तिथं. मान वर न करता म्हने, आई, ते देडतलाईवाले आले व्हते ना, मी आत चहा गाळत व्हती, सगळं ऐकलं मी. माहा चरखा थांबला. ती म्हने, मले राग नाई आला. माह्याबिगर तुले करमनार नाई म्हनून तू तसं बोलली, मले समजलं व्हतं. तसंच ना?

मी हो म्हटलं. ती हसली आनि पुढचे टाके मोजायले लागली.

तुम्ही लिहून घेताच आहे तर हे पन लिहा. करमन्याचं नव्हतं ते. मले लच्छी सोडवनारी पाहिजे व्हती. माह्या तोंडानं तिले सांगवत नाई. मले वाचता येत नाई, तिले येतं. तुमच्या लेकरांचं भलं होवो बाई, छापून झालं की एक प्रत इथं आनून द्या, आनि ती तिच्याच हातात द्या.