मोटरला बसवलेलं दिव्यांचं बटण

अध्यक्षस्थानी बसलेले तहसीलदार साहेब, कारखान्याचे मालक धर्मराजशेठ, आजचे सत्कारमूर्ती मॅनेजर गिरिधरराव, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले कापसाच्या जिनिंगमधले बांधव आणि चिकाच्या पडद्याआडून सारं पाहणाऱ्या माता-भगिनींनो,

मी वामन, या कारखान्याचा पत्रव्यवहार पाहतो. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा गिरिधररावांनी लगेच विचारलं, "काय बोलणार? आधी दाखवा." म्हणजे परभणीला बदलीवर निघताना साहेब आपला स्वभाव इथे ठेवून जात नाहीत, सोबतच नेताहेत. परभणीकरांचं कल्याण असो!

त्यांच्या सावधपणाबद्दल काय सांगावं? चहा आला की आधी पाहुण्याला पिऊ देतात. पाहुणे त्याला आदरातिथ्य समजतात. कुलूप लावून ओढून पाहणारे पुष्कळ असतात. साहेब दुसऱ्यालाही ओढायला लावतात, आणि मग त्यानं इतक्या जोरात का ओढलं म्हणून त्याच्यावर डोळा ठेवतात.

मागच्या हंगामात वाफेचं इंजिन बाजूला सारून आपण विजेची मोटर आणली. पेटीत दोन बटणं आली. ही बटणं म्हणजे विजेवरचे पहारेकरी. प्रमाणाबाहेर वीज जाऊ लागली की आपोआप पडतात आणि तिला अडवतात. एक दिव्यांसाठी होतं. वीज जरा उसळली की पडणारं. दुसरं मोटरसाठी, जरा सबुरीचं. कारण उभी मोटर फिरायला लागताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढते. तेवढा क्षण ते जाऊ देतं. पण मोटर कुठे अडकली आणि ओढ तशीच राहिली, तर तेही पडतं.

साहेबांनी कोणतं निवडलं, हे विचारायची गरज आहे का? "जो पहारेकरी थांबून पाहतो, तो फितूर," म्हणाले, आणि दिव्यांचं बटण मोटरला बसवलं.

झालं! रोज सकाळी मोटर सुरू केली की बटण खाली. साहेबांनी बटणावर संशय घेतला नाही, ते स्वतःच्या निवडीचं होतं ना! त्यांना दिसले केदारखेड्याचे रखमाजी, थंड पडलेल्या इंजिनाचे चालक.

"तूच काहीतरी करून राह्यलास!"

"साहेब, मी तं तिकडं गेल्तोच न्हाई."

"न जाता केलंस? बराबर! म्हणूनच सापडत नाहीस!"

रखमाजींना घरी बसवलं. दुसऱ्या सकाळी बटण पुन्हा खाली. एखाद्याला वाटलं असतं, आपलंच चुकलं. साहेबांना वाटलं, रखमाजीची भानामती! तसं चारचौघांत बोललेही. मोटरला लिंबू बांधलं.

शेवटी मुंबईहून मोटर कंपनीचा इंजिनिअर आला. मी दुभाष्या होतो. त्यानं बटण पाहिलं, लिंबू पाहिलं, आणि दोन्ही काढली. मोटरच्या पाटीवरचे आकडे वाचून मोटरचं बटण बसवलं. मोटर आजतागायत बिलकुल अडलेली नाही. साहेब मात्र माझ्या कानात म्हणाले, "पाहिलं? रखमाजीनं माघार घेतली!"

आम्ही कारखान्यात हसलो. केदारखेड्यात कुणी हसलं नाही. परवा रखमाजींची कारभारीण, सगुणाबाई, माझ्या दारी आली. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी.

"वामनराव, नौकरी राहू द्या. नावाला लागलंय तेवढं काढा. हिरीवर गेले तं बाया घागरी झाकून राह्यल्या. शेजारची पोर बाळंत झाली, पाहायला गेल्ते, तं दारातूनच वापस केलं. अन् ती पोर जन्मली तवा म्याच हातात झेलली व्हती."

धर्मराजशेठ, नोकरीचं आपण पाहाल, आपल्या हातचं आहे. पण भानामतीचा शब्द गिरिधररावांच्या तोंडून गेला. तो मागे घ्यायचा तर त्यांच्याच तोंडून. साहेब, आपण सत्काराला उत्तर देणार आहात. त्यात एवढंच म्हणा, बटण मी चुकीचं निवडलं होतं. ऐकायला केदारखेड्याची निम्मी माणसं आली आहेत.

अध्यक्ष महाराजांनी मला मधेच थांबवलं नाही, हे त्यांचे उपकार. संयोजकांनी मला बोलू दिलं, त्याचा त्यांना आता पस्तावा होत असेल. तरी त्यांचेही आभार. जीभ कुठे जास्त चालली असेल, तर सभेनं सांभाळून घ्यावं.

रखमाजी आलेत, मीच बोलावलंय. सभागृह खचाखच भरलंय, दारात माणसं उभी आहेत, आणि रखमाजींभोवती मात्र सतरंजी मोकळी आहे. मी तिथे जाऊन बसतो. साहेब, आपलं भाषण झालं की या. शेजारी जागा धरून ठेवतो.