बारा राशींना सात मिनिटं

—नाही, नाही, उठू नका, बसा. हे नाक्यापर्यंतच गेलेत, येतील एवढ्यात. टेम्पोचा मुहूर्त काय कुठे पळून जात नाही. चहा टाकलाय मी. वेवजीचे म्हणालात ना तुम्ही, चिमणभाऊ? मग झालं तर, माझं माहेर तलासरीचं, म्हणजे तुम्ही घरचेच. काय? निवडणुकीत आमच्याकडे टीव्हीवर तीन-तीन जण राशी सांगत होते, ते खरं का? म्हणजे तिकडेपर्यंत गेलं हे. मग अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा सगळं ऐकूनच घ्या — फक्त यांच्यासमोर विषय काढू नका.

तर आमचे हे डहाणू रोड स्टेशनवर घोषणा करायचे. तुम्ही कधी गाडीला उभे राहिला असाल तर ऐकला असेल यांचा आवाज. पत्रिका बघायचा नाद पहिल्यापासून. रिटायर झाले तसं केबलवाल्या संदीपनं विचारलं, काका, सकाळी अर्धा तास राशी सांगाल का? सांगाल का काय, यांना तेच हवं होतं. तेव्हापासून रोज सकाळी अख्खं गाव यांच्या तोंडून भविष्य ऐकतंय. पण सवय जाते का माणसाची? 'मेष राशीच्या जातकांनी कृपया लक्ष द्यावे.' 'वृषभ राशीचा धनलाभ काही कारणास्तव विलंबाने येत आहे.' हसा, हसा, मीही तोंडाला पदर लावून हसायचे. आणि सगळं भीतीचंच — आज वाहन जपून चालवा, उद्या शत्रुपीडा, परवा पोटदुखी. माणसं घाबरायची, आणि घाबरली की इथे यायची, याच झोपाळ्यावर बसायची. तसं म्हणजे बरंच चाललं होतं.

मग लागली नगरपरिषदेची निवडणूक. रस्त्यात कुणीतरी म्हणालं, काका, तुम्हाला तर घरोघर ओळखतात, उभे राहा. झालं. घरी आले, स्वतःची पत्रिका काढून बसले, त्यात काय सापडलं कोण जाणे, म्हणाले राजयोग आहे. मी म्हटलं, बरं. मी दुसरं काय म्हणणार? अपक्ष उभे राहिले. समोर नवीनभाई, ते हार्डवेअरच्या दुकानवाले, आणि नयना सिस्टर — सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, अर्ध्या प्रभागाला त्यांनी सुया टोचलेल्या.

नवीनभाईंनी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. एक उमेदवार रोज सकाळी टीव्हीवरून लोकांच्या घरात शिरतो, मग आम्ही काय करायचं? आता त्यात चूक काय होती, सांगा तुम्ही. निवडणुकीच्या साहेबांनी तिघांना बोलावलं आणि सांगितलं, एक तर कार्यक्रम बंद ठेवा, नाहीतर तिघांनाही सारखा वेळ द्या. आमचे हे बंद करतील? मी आयुष्यात एका गाडीची घोषणा चुकवली नाही, म्हणाले. मग ठरलं, सात-सात मिनिटं प्रत्येकाला. फक्त राशी सांगायच्या, मत मागायचं नाही, चिन्हाचं नाव काढायचं नाही. संदीप घड्याळ घेऊन बसणार आणि वेळ संपली की आवाज बंद करणार. यांना अर्ध्या तासाची सवय — पहिल्या दिवशी धनूपर्यंत पोचले आणि आवाज गेला. तोंड हलतंय, ऐकू काही येत नाही. मकर, कुंभ आणि मीनवाले दिवसभर फोन करत होते, आमचं काय म्हणून.

नवीनभाईंना ग्रहबिह काही माहीत नाही. पण माणूस धंद्याचा — 'तूळ रासीवाळ्यांच्या घरी नळ गळते, ते आजच बदली करून घ्यावा.' कर्केला रंगकामाचा योग, सिंहेला पाण्याची टाकी, मकरेला म्हणे कडीकोयंड्यापासून लाभ. साहेबांच्या लक्षात येईपर्यंत दुकानात ही गर्दी.

आणि नयना सिस्टर — त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला ग्रहातलं काही कळत नाही, जे कळतं ते सांगते. मेषवाल्यांनी बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करू नये. मिथुनवाल्यांनी पाणी उकळून प्यावं. वृश्चिकेच्या माणसांचं ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांना आज आपण होऊन हाक मारावी. त्या एका वाक्यावर आमच्या शेजारच्या दोन जावा बोलायला लागल्या, आता बोला. बरं, बाराच्या बारा राशी झाल्या आणि सिस्टरची वेळ उरली. तर उठून गेल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिल्या, लोकांकडे बघत, दवाखान्यात सलाईन संपायची वाट बघत बसतात ना, तशा. संदीपला कळेना काय करावं. वेळ तर त्यांचीच होती.

हे आतल्या खोलीत बसून बघायचे. हे काय शास्त्र आहे का, म्हणायचे, हा तर दवाखाना झाला. बघायचे मात्र रोज — आवाज बारीक करून, मला कळू नये म्हणून.

माझी रास कन्या, भाऊ. आता बघा, इतकी वर्षं कन्येला यांनी काय सांगितलं असेल? वायफळ खर्च टाळा. वाणीवर संयम ठेवा. ते कन्या राशीला सांगत होते की मला, ते त्यांनाच माहीत. आणि एक दिवस सिस्टर म्हणाल्या, कन्या राशीच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात, आज घरातल्या कुणीतरी त्यांना विचारावं, जेवलीस का? मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथेच थांबलं. सिस्टरना कुणी सांगितलं, म्हटलं.

दुपारी यांचं जेवण झालं, ताट उचललं, मी आपली डब्यातली कालची भाकरी काढून बसले. तर हे स्वयंपाकघराच्या दारात. घसा खाकरला — घोषणेच्या आधी खाकरायचे तसाच — आणि म्हणाले, 'जेवलीस का?' नाव नाही घेतलं हं, तेवढी मजल नाही अजून. मी म्हटलं, 'नाही.' मग यांनी ताट घेतलं, भात वाढला आणि वरण शोधायला लागले. वरण समोर होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, शोधू देत जरा, मी इतकी वर्षं शोधतेय. शेवटी सापडलं. मग समोर पाटावर बसून राहिले माझं होईपर्यंत. मला काही रडूबिडू आलं नाही, भाऊ. मिरची तिखट होती.

दुसऱ्या दिवशी यांच्या सात मिनिटांत कन्या राशी आली आणि संपेचना. या राशीच्या व्यक्तींचं घरच्यांकडून कौतुक व्हावं, त्यांच्या कष्टांची दखल घ्यावी — तूळ सुरू होतेय तोवर आवाज बंद. नवीनभाई परत साहेबांकडे. हा माणूस उमेदवाराच्या वेळात बायकोशी बोलतो, म्हणाले. साहेबांनी यांना विचारलं, तर हे म्हणतात, प्रभागात कन्या राशीच्या बायका पुष्कळ आहेत. साहेबांचंही लग्न झालेलं असेल, हसले आणि सोडून दिलं.

निवडून सिस्टर आल्या. चांगल्या आल्या. हे मतमोजणीवरून घरी आले, पाय धुतले, झोपाळ्यावर बसले. मग म्हणाले, राजयोग होता, फलाट तेवढा बदलला. आता सकाळचा अर्धा तास परत यांचाच आहे. पण शत्रुपीडा कमी झालीय बघा. परवा धनूला चक्क विचारलं, झोप लागते का नीट? हे काय शास्त्र आहे का, असं मी विचारलं, तर पेपर तोंडासमोर धरला.

वाईट नाही का वाटलं? वाटणारच ना, नवरा आहे शेवटी. मतदानाला दोघं चालतच गेलो. वाटेत मला समजावत होते, सिस्टरचं चिन्ह कपबशी, ते मध्ये आहे, तिकडे बघूच नकोस, आपलं कपाट सगळ्यात वर, ते बटण दाबायचं आणि परत फिरायचं. मी म्हटलं, हो. आत गेले, त्या पुठ्ठ्याच्या मागे उभी राहिले, आणि खरं सांगते भाऊ, त्या कपबशीपर्यंत बोट न्यायचं म्हणजे—

कपाट. कपाट म्हटलं मी. कपाटापर्यंत.

चहा झाला ना तुमचा? मग निघा आता. टेम्पोला गुरुवार चांगला आहे, घेऊन टाका, यांना कशाला विचारायला हवं? नाही, पुढच्या फाटकातून नको, हे त्याच रस्त्यानं येतात. मागच्या दारानं जा.