लाक्सच्या दिवसांत रेणू येत नाही

मी मूळचा जतकडचा. आमच्या गावच्या ओढ्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त, त्यामुळं मासा म्हणजे बाजारातली सुकट, एवढंच आम्हाला ठाऊक. हाताला चव होती म्हणून मुंबईला हॉटेलात लागलो, तिथनं एका शेठनं हँबुर्गला आणलं, तंदूर सांभाळायला, अजून तेच करतोय. मागनं बायको आली, सुमन, आणि रेणू आमची इकडंच झाली.

रेणूला मराठी कळायचं सगळं, पण बोलायची जर्मन. मी विचारायचो जेवलीस का, ती म्हणायची या, पापा, म्हणजे हो, झालं बोलणं. माझं जर्मन किचनपुरतं. पोर मोठी होत गेली तसं तेवढंही उरलं नाही, एका घरात असून तिची वाट बघितल्यासारखं व्हायचं बघा.

मग तिला मासेमारीचं वेड लागलं. मैत्रिणीच्या घरचे तिला ओस्टे नदीवर घेऊन गेले, तिथल्या फेराइनची, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या क्लबची, मेंबर झाली, आणि सोमवारी आमचं हॉटेल बंद, म्हणून गाडी घेऊन सोडायला मी. काय सांगू तुम्हाला, ती नदी उलटी वाहते. समुद्राला भरती आली की पाणी मागं चढतं, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याबरोबर मासा आत येतो. सॅमन, इकडं लाक्स म्हणतात. समुद्रात मोठा होतो आणि जन्मला त्या नदीला परत येतो, हे रेणूनंच मला हातवारे करून सांगितलं. मी काठावर बसून बघायचो. गळाला पिसं दोऱ्यानं बांधून केलेली ती खोटी माशी, ती लांब दोरी हवेत मागं जायची, पुढं यायची, आणि आवाज न करता पाण्यावर उतरायची.

एक दिवस म्हणाली, पापा, तू पण ये. त्याला लायसन लागतं, लायसनला परीक्षा, तीही जर्मनमधनं. म्हटलं मला कुठलं जमतंय, तर रोज माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसायला लागली. माशांची नावं, कल्ले, पर, सगळं घोकून घेतलं माझ्याकडनं, चुकलो की हसायची. ते दिवस फार चांगले गेले. पास झालो.

पुढच्या उन्हाळ्यात छातीपर्यंतची रबरी विजार घालून आम्ही दोघं पाण्यात, तिनं माझा पट्टा मागनं धरलेला. भरती नुकतीच फिरली होती, आणि माझी दोरी अशी ताणली की काठी हातातनं जातीय का काय. लाक्स होता. बराच वेळ त्यानं मला खेळवलं, मग रेणूनं जाळी खाली घातली. आता फेराइनचा नियम असा, की लाक्स मिळाला तर सोडायचा, कारण येतात फार थोडे. मी त्याला पाण्यातच दोन्ही हातांनी धरला आणि सोडणार, तेवढ्यात ती म्हणाली, बाबा, सोडू नका अजून, दम खाऊ दे त्याला.

मराठीत. बाबा म्हणाली, सोडू नका म्हणाली, सुमन मला म्हणते तसं अहोजाहो. मी वर बघितलंच नाही, म्हटलं बघितलं तर लाजेल आणि परत जर्मन सुरू करेल. मासा हातात हळूहळू जोर धरत होता, आणि मला वाटत होतं, अजून थोडा वेळ लागू दे त्याला. मग गेला.

रेणू आता नॉर्वेत असते, माशांचंच शिकली, माशांचंच काम करते. आणि लाक्स नदीत चढतो ते दिवस तिच्या कामाचे, म्हणजे उन्हाळ्यात ती येऊ शकत नाही. ख्रिसमसला येते, तेव्हा नदीवर बंदी असते. सुमन म्हणते, अहो, मग हॉलमध्ये बसून गप्पा मारा की. बसतो आम्ही. पण तसं होत नाही.

मी अजून सोमवारी जातो. परवा पाण्यात उभा होतो, तिचा फोन आला. मागं तिच्या नदीचा आवाज, मोठा. जर्मनमधनंच म्हणाली, पापा, एकटा आहेस का, एकटा असलास तर आत उतरू नकोस. म्हटलं नाही गं, फेराइनचे दोघंतिघं आहेत, मी काठावरच बसलोय. कंबरेपर्यंत पाण्यात होतो, आणि आसपास कुणी नव्हतं. गुट, म्हणजे बरं, म्हणाली, आणि ठेवला फोन, कामात होती. असू दे. पोरगी सुखात राहू दे, तिच्या नदीला भरपूर मासा येऊ दे.