पाठमोरी फायनल

...नाही, तुम्हीही सांगा मॅच कशी झाली. अख्ख्या फ्रान्सने मला सांगून झालंय, तुम्ही तेवढे कशाला मागे राहता? न्हाव्याने सांगितली. दातांच्या डॉक्टरने सांगितली, तीही माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून, म्हणजे मला 'माहीत आहे हो' एवढंसुद्धा म्हणता येईना. अहो, मी पॅरिसला होतो! स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर होतो, खिशात तिकीट होतं, माझा सख्खा भाचा पाठीवर नऊ नंबर घालून कपाची फायनल खेळत होता, आणि मी? मी तळत होतो.

तुम्हाला सांगतो, या सगळ्याचं मूळ आमच्या टपरीत आहे. आमच्या एस्त्रेवाल गावच्या मैदानाला लागून फ्राईजची टपरी, क्लबचीच, आणि ती मी चालवतो, फुकट, हौसेने. ज्या महाभागाने ती बांधली त्याने गिऱ्हाइकाची खिडकी केली मैदानाकडे आणि कढई बसवली मागच्या भिंतीला. म्हणजे ज्याला मॅचचं एवढं वेड की तो रविवारची झोप सोडून बटाटे सोलतो, त्याची पाठ मॅचकडे! आणि आमच्या उत्तरेकडचा बटाटा हा दोनदा तळायचा असतो, ही काही पॅरिसची घाई नाही. एकदा मंद आचेवर, शिजण्यापुरता, मग बाहेर काढून जरा निवू द्यायचा, मग कडकडीत चरबीत, रंग येईपर्यंत. आणि गोल व्हायचा तो नेमका दुसऱ्या घाण्याला. वळून बघितलंत की घाणा करपला. म्हणून मला गोल पाठीला कळतो. 'आऽऽ' लांबला की आपला. मध्येच तुटला की खांबाला लागला. आणि सगळं चिडीचूप होऊन फक्त पाहुण्यांच्या बसचा ड्रायव्हर टाळ्या वाजवत असला की समजायचं, मीठ जरा जास्त टाकावं, लोकांना आज चव लागणार नाही.

तर आमच्या या फुटबॉलच्या कपात कुणीही कुणाशीही खेळतं. पहिल्या विभागातले कोट्यधीश आणि आम्ही चौथ्या विभागातले, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच भांड्यात. त्या वर्षी काय झालं देव जाणे, आम्ही जिंकतच सुटलो. पाहुणे काळ्या काचांच्या बसमधून कानाला यंत्रं लावून उतरायचे, आणि आमचा गोलकीपर गॅरेजमधून टायर बदलून हात पुसत यायचा, आणि जिंकायचो आम्ही. भाचा माझा, जोफ्रुआ, पोस्टमन आहे, शनिवारी ज्याच्या घरी पत्र टाकायचा, रविवारी त्याच्याच खांद्यावर बसून मिरवायचा. आणि मी? मी तळत होतो.

एकदा, एकदाच हो, मी वळलो. जोफ्रुआला पेनल्टी मिळाली होती, माणसाला मन असतं की नाही? वळलो आणि त्याने चेंडू मारला तो थेट मैदानामागच्या दफनभूमीत. खिडकीत उभ्या होत्या मादाम युगेत, आमच्या पाठीराख्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा, आणि त्याआधी माझ्या शाळेतल्या बाई. त्यांनी मैदानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ज्या आवाजात मला लहानपणी शिक्षा करायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "ओदिलों, भिंतीकडे तोंड कर." केलं. पाच मिनिटांत गोल. आपला.

झालं! गावाला देव सापडला. उपांत्य फेरी शेजारच्या शहरातल्या मोठ्या मैदानावर होती, तिथे मला कढईसकट गाडीत घालून नेलं आणि गेटबाहेर उभं केलं. जिंकलो. पाद्रीबाबांनी प्रवचनात खेळाडूंचे आभार मानले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि जे न बघता विश्वास ठेवतात, त्यांचेही."

मग फायनल. जोफ्रुआ घरी आला, टेबलावर दोन तिकिटं ठेवली, माझं आणि माझ्या बायकोचं, नादेजचं. म्हणाला, "मामा, ते लोक काहीही म्हणू देत. तू येऊन बस. लहानपणापासून मी गोल करून वळतो तर मला तुझी पाठ दिसते. या वेळी तुझी जागा मला पाठ आहे. गोल झाला की तिकडे हात करणार."

आता सांगा, यावर माणूस काय बोलतो? मी म्हटलं, "बटाटे घेऊन जा थोडे." रात्रभर तिकीट उशीखाली. सकाळी बसमध्ये बसलो तर मागे टेम्पोत माझी कढई बांधलेली. म्हटलं हे काय? तर म्हणे, "असू दे रे, वाटेत भूक लागली तर."

पॅरिसला बस उभ्या राहतात तिथे उतरलो. अख्खं गाव गळ्यात क्लबचे मफलर घालून उभं, आणि कुणी माझ्याकडे बघेना. मादाम युगेत पुढे झाल्या. "हे बघ ओदिलों, जबरदस्ती अजिबात नाही. तिकीट तुझं आहे, भाचा तुझा आहे. जा, खुशाल आत जा. फक्त आज आपण हरलो तर जोफ्रुआला आयुष्यभर काय वाटेल, एवढाच विचार कर." आणि डोळे पुसले. अहो, यांनी मला गणित शिकवलं होतं, हे कधी शिकल्या?

माझी नादेज म्हणाली, "चल रे, वेडी आहेत सगळी." पण तोपर्यंत माझ्या डोक्यात किडा शिरला होता. समजा मी आत गेलो, आणि खरंच...? त्या पोराने पुन्हा तशीच मारली आकाशात, माझ्यामुळे? मी तिला म्हटलं, "तू हो पुढे. मी आलोच." आणि गॅस पेटवला.

रिकाम्या बसांच्या मध्ये मी एकटा. एक पोलीस आला.

"काय चाललंय इथे?"

"फ्राईज."

"कुणासाठी? सगळे आत आहेत."

"म्हणूनच."

त्याने जरा विचार केला, एक पुडा घेतला आणि तिथेच थांबला. दक्षिणेकडचा होता, रग्बीवाला, फुटबॉलशी देणंघेणं नाही, पण त्याच्या गाडीत रेडिओ होता. आणि पंचाईत बघा, आमच्या मैदानावरचा 'आऽऽ' मला ओळखू येतो, ऐंशी हजारांचा कसा येणार? आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. मी विचारलं, "कुणाचा?"

तो तोंडातला बटाटा संपवून म्हणाला, "त्या पोस्टमनचा."

जोफ्रुआचा. फायनलमध्ये. आणि मी? मी तळत होतो.

मग मात्र माझं चित्त थाऱ्यावर राहिना. तो आत्ता हात करत असेल. माझ्या जागेकडे. मी गॅस बारीक केला, झारा पोलिसाच्या हातात दिला आणि धावत सुटलो, ऍप्रनसकट. गेटवरच्या पोराने तिकीट घेतलं, आडवं धरलं, जरासं, नखभर फाडलं... आणि आतून पुन्हा आवाज. मागून पोलीस झारा उंच करून ओरडतोय, "बरोबरी! बरोबरी झाली!" मी त्या पोराच्या हातून तिकीट हिसकावून घेतलं. तो म्हणाला, "काका, फायनल आहे, आत जा की." मी म्हटलं, "बाळा, तुला नाही कळायचं." आणि आलो तसा मागे पळालो.

त्यानंतर मी जे तळलंय ना, तसं जन्मात तळलं नाही. भिंत नव्हती तर बसच्या पत्र्याकडे तोंड करून तळलं. पोलिसाला म्हटलं, रेडिओ बंद कर. मान हलवली नाही, घाम पुसला नाही. सोनेरी, एकसारख्या, एक काप करपलेला नाही. आणि अगदी शेवटच्या मिनिटाला आतून आवाज आला आणि त्या आवाजात आमचं गाव नव्हतं. तेवढं पाठीला कळलं. पेनल्टी. दोन-एक.

आता तुम्हीच सांगा. मी वळलो होतो का? नाही. गॅस संपला होता का? नाही. मग हरलो कसे? म्हणजे माझ्या तळण्याचा आणि गोलाचा काही संबंधच नव्हता! कधीच नव्हता! म्हणजे मी आत बसलो असतो, बायकोच्या शेजारी, आणि भाच्याचा गोल डोळ्यांनी बघितला असता, आणि हरायचे ते हरलोच असतो, तर कुणाचं काय गेलं असतं? मी मादाम युगेतना सगळी हकिगत सांगून हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "मध्ये झारा कुणाच्या हातात होता?" आता बोला.

नादेज आली, रडून डोळे लाल. म्हणाली, "काय धावला रे तो, थेट आपल्या समोर! हात केला, दोन्ही हात केले. मी मफलर हलवला तुझ्या वतीने." मी विचारलं, "माझ्या जागेवर कोण होतं?" म्हणाली, "माझी पिशवी." म्हणजे बघा, माझ्या भाच्याने कपाच्या फायनलमध्ये गोल केला आणि तो आमच्या पिशवीला अर्पण केला.

बस सुटायच्या वेळी जोफ्रुआ आला. गळ्यात उपविजेत्यांचं पदक, गुडघा सोललेला. माझ्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, मी हात केला होता. तू कुठे होतास?"

मी म्हटलं, "मी तळत होतो रे."

त्याने कढईकडे बघितलं. एक काप उचलून खाल्ला. थंड झाला होता. म्हणाला, "छान झाल्यात." आणि बसमध्ये जाऊन बसला. अहो, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

नंतर क्लबने आठवणी गोळा केल्या. फोटो झाले, बूट झाले, आणि तिकीट हवं होतं एक, फ्रेमला. गावातल्या प्रत्येकाचं तिकीट गेटवर अर्धं फाडलेलं. अख्खं फक्त एकच निघालं. नखभर फाटलंय, पण अख्खं. समारंभ करून फ्रेम लावली, टाळ्या वाजल्या. कुठे लावायची याचा निर्णय मादाम युगेतनी घेतला. टपरीत. मागच्या भिंतीवर. कढईच्या बरोबर वर.

त्यामुळे आता रविवारी मागे मॅच चालू असते, आणि समोर तिकिटावर विभाग, रांग, जागा, सगळं स्वच्छ अक्षरांत. नादेज म्हणते, तिथून फार सुरेख दिसत होतं. असेल. पिशवीची काही तक्रार नाही.