पवार बाईंचा पहिला तास

मुलांना मोकळीक दिली की ती डोक्यावर बसतात म्हणताय, तर आमच्या पवार बाईंचं ऐका. पौडजवळच्या आमच्या शाळेत त्या चौथीला शिकवतात. त्यांच्या वर्गात पहिला तास मुलांचा असतो. गणित, वाचन की चित्र, ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्हा बाकीच्या शिक्षकांना वाटायचं, तपासणीला बाई अडकणार.

तपासणीचे साहेब आले ते नेमके त्याच तासाला. मी सोबत होतो. पुढंच बसलेल्या मंगलला ते म्हणाले, "बाळ, उभी राहा आणि एक कविता म्हण."

तिनं मान वर केली. "सर, वाईच थांबा. मी आत्ता गणित घेतलंय, सुटत आलंय."

मी तिला उठायची खूण केली. बाईंनी मात्र तिला दटावलं नाही. साहेब क्षणभर घुटमळले आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. भागाकार पुरा करून मंगल उठली आणि तिनं खणखणीत आवाजात कविता म्हटली.

बाहेर पडताना साहेब म्हणाले, "पोरगी धीट आहे हो."

"आता झालीय," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारायलाही घाबरायची."