दोन नंदांची एक फाईल

मी मूळची चितेगावची, पैठण रोडवरची. आता तिथं कंपन्याच कंपन्या झाल्या, माह्या लहानपणी समदी ज्वारी व्हती. नाव गयाबाई. बापानं सातवीतून शाळा सोडवली, लगीन लावून दिलं शेंद्र्याला. नवरा भला माणूस, अजून हाय, कंपनीत वॉचमन हाय, पण आमच्या पदरात लेकरू काय पडलं नाय. सासू म्हनायची देव देईन, देव देईन, आन देवानं दिलं ते असं दिलं की बावीस वर्षं झाली मी लेकरंच सांभाळू राहिले, पन एक बी माहं नाय. इथं संभाजीनगरला, आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं, एका शिशुगृहात मी मावशी हाय. ज्या लेकरांना कोन नाय ती आमच्याकडं येतेत, आन नशिबात असंल तर कुनाच्या तरी घरी दत्तक जातेत. काही तर पार परदेशात जातेत.

काय सांगू तुम्हाला ताई, आमच्यात एक रीत हाय. ज्या मावशीच्या पाळीत लेकरू येतं, त्या मावशीनं त्याचं नाव ठिवायचं. हापिसातले तेच नाव कागदावर घेतेत. मी आजवर किती नावं ठिवली ते मलाच आठवत नाय. पन नंदा हे नाव मी दोनदा ठिवलं, आन तिथंच समदं चुकलं.

पयली नंदा आली ती चार-पाच दिवसांची व्हती, एवढीशी, टोपल्यात मावंल अशी. डॉक्टरांनी अंदाजानं जन्मतारीख सांगितली, तिचा जन्माचा दाखला निघाला. ती बसाया लागली तव्हा मी जुन्या साडीचं पिवळं टोपडं शिवलं तिला, ते घालून फोटो काढला, तो फाईलीत लावला. खिडकीजवळच्या तीन नंबरच्या पाळण्यात ती झोपायची. अकरा महिन्यांची झाली आन छातीत कफ भरला, दवाखान्यात नेली, चार दिवस राहिली, आन भर दुपारी तीन वाजता माह्या मांडीवर गेली. लहान लेकरांना जाळत नाय, पुरतेत. बाकीचे गेले मातीला, मी गेले नाय. मी म्हनलं मी गेले म्हंजे मी कबूल केलं, आन मला कबूल करायचं नव्हतं. टोपडं मी माह्या पिशवीत ठिवलं.

त्याला महिना बी झाला नव्हता. दुपारचीच येळ, माहीच पाळी. खुलताबादच्या रस्त्यावर एका बसथांब्याच्या बाकड्यावर एक पोरगी सापडली म्हनून पोलीस घेऊन आले, वरीसभराची असंल. रडत नव्हती, नुसती बघत व्हती. मी तिला आंघोळ घातली, अंग पुसलं, आन काय डोक्यात आलं कुनास ठाऊक, पिशवीतलं टोपडं काढून तिच्या डोक्यावर घातलं. बरोबर बसलं. तवाच्या मोठ्या मॅडमनी दारातून इचारलं, गयाबाई, नाव काय ठेवताय, आन माह्या तोंडातून निघालं, नंदा.

आमच्यातली म्हातारी सखूमावशी तिथं दुपट्यांच्या घड्या करत बसलेली, तिचा हात थांबला. म्हनली, गया, गेलेल्या लेकराचं नाव जित्या लेकराला देत नसतेत, ते लेकरू आपलं नाव मागाया येतं. मी म्हनलं, येऊ दे, आली तर बरंच हाय. असं बोलून गेले मी, जिभेला हाड नाय माह्या.

तेवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. डॉक्टरांनी दात मोजले, वरीसभराची म्हनले, तारीख काय लिहू, तर मी झटकन पयल्या नंदाची तारीख सांगितली. त्या मोठ्या मॅडमचा निवृत्तीचा महिना, त्यांचं चार्ज देण्यात ध्यान. कारकून पोरगं नवीन. त्यानं इचारलं, मावशी, नंदाचा जन्मदाखला हाय का कुठं, आन मी कपाटातून तो काढून त्याच्या हातात दिला. फोटो बी दिला. पोलिसांचे कागद ह्या पोरीचे, दाखला आन फोटो तिचा, एकाच फाईलीत लागले. कुनी लबाडीनं केलं नाय हो, मी केलं. मला वाटलं, मेलीच नाय ती. कागदावर तरी नाय मेली.

पोरगी वाढली. गुणाची, खाण्यापिण्याची कटकट नाय. पन एक गोष्ट लई दिवसांनी माह्या ध्यानात आली. तिला नंदा म्हनून हाक मारली की ती आधी मागं वळून बघायची. मागं कोन हाय ते बघायची, थोडं थांबायची, मंग माह्याकडं यायची. समद्या लेकरांना हाक मारली की ती समोर बघतेत, ही मागं बघायची. मी हसण्यावारी न्यायची, अगं तुलाच म्हनते. ती म्हनायची, व्हय, पन आधी तिला बघू दे. कुनाला, तर सांगायची नाय.

ती चार वर्षांची झाली तव्हा इटलीच्या एका जोडप्यानं तिला पसंत केलं. त्या बाईचं नाव मला नीट घेता येत नाय, मी तिला वैनीच म्हनते. आठवड्याला मोबाईलवर दिसायच्या, दुभाषी लावून बोलायच्या, ही इकडून फुलं काढलेला कागद दाखवायची. पन कागदाचा खेळ काय सांगू. आमच्या नव्या मोठ्या मॅडम, पाठक मॅडम, कागदाला लई पक्क्या, तरी बेजार झाल्या. हा शिक्का आला तर तो नाय, तो आला तर पोरीच्या तपासणीची मुदत संपली, परत दवाखाना, परत सुई. एका कागदावर औरंगाबाद, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर, तिकडचे इचारायचे, मुलगी नक्की कोणत्या शहरात आहे. मॅडमनी पत्र लिहिलं की ही दोन्ही एकच हायेत, तर त्या पत्राला पुन्हा शिक्का पाहिजे. वरीस गेलं ह्यात. तरी मॅडमनी दत्तकाचा हुकूम आणला, पेढे वाटले. आता नुसता पासपोर्ट राहिला व्हता.

पासपोर्टसाठी जन्मदाखला पडताळून आणा म्हनले. मॅडम आन मी नंदाला घेऊन महापालिकेत गेलो, जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या खिडकीवर. तिथल्या बाईनं नंबर टाकला, कॉम्पुटरकडं बघितलं, मंग नंदाकडं बघितलं, मंग परत कॉम्पुटरकडं. म्हनली, मॅडम, हे मूल मयत आहे. नंदा खिडकीच्या कट्ट्याला धरून उभी व्हती. ती मागं वळून बघू राहिली, मागं तर नुसती भिंत.

मॅडमना वाटलं, कॉम्पुटरची चूक हाय. त्या अर्ज करत सुटल्या, मूल जिवंत आहे, मूल आमच्याकडं आहे. अर्ज माघारी यायचा. आन काय सांगू ताई, अर्ज माघारी आला की पोरीला ताप यायचा. कधी आजारी न पडणारी पोरगी. डॉक्टर म्हनायचे काहीच नाय, रक्तात काही नाय, छाती साफ. पन दुपारी तीनला अंग तापायचं ते दिवे लावायला उतरायचं. तीन वाजले की मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची. मला समदं माहीत व्हतं आन मी गप व्हते. नोकरीची फिकीर व्हतीच, खोटं कशाला बोलू, पन खरं भ्याव दुसरंच व्हतं. मला वाटायचं, नंदा मेली असं मी तोंडानं बोलले आन ते हिलाच लागलं तर?

एक दिवस मोबाईलवर वैनींनी त्यांचं घर दाखवलं. नंदासाठी खोली केलेली, पलंग, खेळणी, आन पलंगाच्या वर भिंतीवर मोठ्या चौकटीत फोटो. पिवळ्या टोपड्यातला. फाईलीतून गेलेला. दुभाषी म्हनली, त्या म्हणतात रोज सकाळी आम्ही ह्या फोटोला हाक मारतो. मेलेल्या लेकराला ती मानसं रोज हाक मारू राहिली व्हती, आन इथं ताप ह्या पोरीला यायचा. नंदा मोबाईलकडं बघत व्हती. म्हनली, मावशी, ती मी नाय. हळूच म्हनली, कुनाला ऐकू जाणार नाय असं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरं झोपली तव्हा नंदा अंथरुणात नव्हती. हुडकली तर खिडकीजवळच्या तीन नंबरच्या पाळण्यात. सहा वर्षांची पोरगी, पाय पोटाशी घेऊन त्या एवढ्याशा पाळण्यात शिरलेली, माह्या पिशवीतलं टोपडं मुठीत. अंग तव्यासारखं. तो पाळणा मी तिला कधी दाखवला नव्हता, कुनाचा व्हता ते कधी सांगितलं नव्हतं. मी म्हनलं, इथं का झोपली गं? तर तिनं डोळे उघडून मला इचारलं.

“मावशी, मॅडम फोनवर म्हनत व्हत्या मी मेले. मी मेले का? मंग मला इथंच ऱ्हावं लागंल का, हिच्याबरुबर?”

मी तिला उचलली, तशीच कडेवर घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आन समदी हकीकत सांगून टाकली, दोघींची, तारखेची, दाखल्याची, फोटोची. पाठक मॅडम आवाज चढवणाऱ्या बाई, पन त्या दिवशी ओरडल्या नाय. फाईल मिटली, तिच्यावर हात ठिवून बसल्या. म्हनल्या, गयाबाई, तुम्ही काय करून बसलात हे. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि तिकडचे थांबतील का ते देवालाच माहीत. मी म्हनलं, मला काढून टाका, पन पोरीला इथं ठिवू नका.

त्या रात्रीच मॅडमनी वैनींना कळवलं. दोन दिवस काही उत्तर नाय. तिसऱ्या दिवशी आलं, आम्ही थांबतो, आणि त्या दुसऱ्या बाळाचा फोटो भिंतीवरून उतरवणार नाही, ती बी आमचीच. मी पदर तोंडाला लावून रडले.

मंग बालकल्याण समितीच्या साहेबांपुढं माहा जबाब. पोरगी बाहेर बाकड्यावर, अंगात ताप, आन मी आत. पोलिसांचे जुने कागद मॅडमनी हुडकून ठिवले व्हते, पन साहेब म्हनले, दोन मुली होत्या हे तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून पाहिजे. ताई, पाच वर्षं जे बोलले नव्हते ते बोलायचं व्हतं. दारातून मला पोरीचे पाय दिसू राहिले व्हते, बाकड्याखाली लोंबणारे, हलत नव्हते.

“साहेब, नंदा वारली. माह्या मांडीवर वारली. ही बाहेर बसली ती नंदा नाय, हिला मी अजून नावच दिलं नाय.”

बोलले आन दाराकडं बघितलं. पाय हलले. पोरगी उतरून आत आली, कुनाला इचारलं नाय, सरळ माह्यापाशी येऊन म्हनली, मावशी, भूक लागली. कपाळाला हात लावला तर गार. साडेतीन वाजले व्हते.

साहेबांनी मॅडमना इचारलं, मग नाव काय लिहायचं, आज लिहावं लागेल. मी म्हनलं, माह्याकडून नको आता, तिलाच इचारा. साहेबांनी तिला पुढं बोलवून इचारलं. ती म्हनली, गया. समदे हसले, मी मातर लाजेनं मेले. आन वैनींना कळलं तव्हा त्या टाळ्या वाजवाया लागल्या, तिकडं बी पोरींचं असलंच नाव असतं म्हनं.

मला ताकीद मिळाली, दोन वर्षांची वेतनवाढ गेली, नोकरी राहिली. सात-आठ महिन्यांनी नवे कागद झाले आन पोरगी गेली. गाडीत बसताना मी गया म्हनून हाक मारली. तिनं मागं नाय बघितलं इकडंतिकडं, सरळ माह्याकडंच बघितलं आन हात केला. त्या दिवशी मी पयल्यांदा मातीच्या जागेवर गेले. आता तिथं काही खूण नाय, बाभळी माजल्यात. मी म्हनलं, नंदा, तुहं नाव तुला माघारी दिलं बाई. मला वाटलं, फिटलं.

परवा रविवारी दुपारी मोबाईलवर आली. अंगानं भरलीय, केस कापलेत, अर्धं तिकडचं बोलती अर्धं आपलं. भिंतीवर आता दोन फोटो, एक टोपड्यातला, एक हिचा. मी इथं खिडकीजवळ बसले व्हते, लेकरं झोपलेली, सखूमावशी पल्याड पेंगत व्हती. बोलता बोलता पोरगी थांबली, मोबाईलच्या जवळ आली, माह्या खांद्याच्या मागं बघाया लागली.

“मावशी, तिला पन खाऊ दे ना. ती कधीची उभी हाय.”

मी मागं नाय बघितलं, ताई. माह्या मागं तीन नंबरचा पाळणा हाय एवढं मला माहीत हाय. मी म्हनलं, देते हो बाई, आन मोबाईल ठिवला. तव्हापासून दुपारी तीनला वाटीभर दूध-भात त्या पाळण्याजवळ ठिवते, दिवे लागले की मांजराला घालते. पाठक मॅडमनी बघितलं, वाटीला पाय लागू नये म्हनून बाजूनं गेल्या. दूर देशी एक हाय, इथं एक हाय. दोघी बी पोटभर जेवा, सुखात राहा, आन मला अडचणीत आणू नका म्हंजे झालं. चला, तीन वाजत आले, मला उठू द्या.